राजीनामा सोडून काहीही लिहा : घरचं माणूस आजारी पडलं आणि नोकरी डळमळली तर

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या धाकट्या भावाने कंपनीच्या प्लँट हेडला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला : ‘उद्यापासून येणार नाही. मी स्वतःची कंपनी काढतोय. तुमचं मशीन तुम्हाला लखलाभ.’ खाली पूर्ण नाव, टोकन नंबर आणि नमस्काराचे तीन हात. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सात वर्षं सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मशीन) चालवणारा माणूस. चार रात्री तो नीट झोपलाच नव्हता, हे आम्ही मागाहून बोटं मोजली तेव्हा कळलं. तोवर आम्ही कौतुकाने म्हणत होतो, हल्ली किती उत्साहात असतो!

निदान झालं बायपोलरचं, म्हणजे मन कधी अतिउत्साहाच्या तेजीत तर कधी निराशेच्या मंदीत जाण्याच्या आजाराचं. जुन्या केसपेपरांवर यालाच एमडीपी (मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस) लिहिलेलं दिसतं. पुढच्या दीड वर्षात दवाखाना, एचआर, विमा कार्यालय आणि पीएफ यांच्या पायऱ्या झिजवून जे समजलं ते इथे लिहिते आहे. उदाहरण मनाच्या आजाराचं असलं तरी डायलिसिसवरची वहिनी असो, अर्धांगवायू झालेला काका असो, कागदांचा रस्ता बराचसा हाच आहे.

आधी तो मेसेज मागे घ्या

आजारी माणूस नोकरी तीन प्रकारे घालवतो. एक, तिरमिरीत किंवा निराशेत राजीनामा देऊन. दोन, न कळवता घरी बसून. आणि तिसरा प्रकार म्हणजे साहेब प्रेमाने म्हणतात, ‘अरे, तू राजीनामा दे, बरा झालास की परत घेतो.’ हा तिसरा प्रकार सगळ्यात महागात पडतो, कारण त्यात कुणीच वाईट वाटत नाही.

राजीनाम्याने काय जातं ते आधी समजून घ्या. ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेची, वर्गणी थांबते, म्हणजे पुढच्या आजारपणाचा भत्ता संपतो. पीएफसोबत येणारा नोकरीतल्या मृत्यूचा विमा, जो जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत जातो, तोही मागे पडतो. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षं सलग नोकरी लागते, पण अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ती अट नाही. राजीनाम्याच्या कागदावर मात्र ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच लिहिलेलं असतं. तसंच पीएफच्या पेन्शनचं : नोकरीत असताना कायमचं, पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षं भरलेली नसली तरी पेन्शन मिळू शकते, एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरते. ‘नोकरीत असताना’ हे दोन शब्द सगळं ठरवतात.

राजीनामा मंजूर होण्याआधी मागे घेता येतो. म्हणून घाई करा. पण पत्रावर सही आजारी माणसाचीच हवी, बहिणीची किंवा बापाची चालत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं, इंजेक्शननंतर तो चौदा तास झोपला, उठल्यावर चहा घेतला आणि मेसेज वाचून म्हणाला, ‘ताई, हे मी लिहिलंय?’ तेव्हा सही घेतली. तोवर मी माझ्या नावाने साधं कळवणीचं पत्र देऊन ठेवलं होतं : अमुक टोकन नंबरचे कर्मचारी आजारी आहेत, उपचार सुरू आहेत, या काळात त्यांनी पाठवलेल्या कोणत्याही संदेशावर निर्णय घेऊ नये. कायद्याच्या तराजूत या पत्राला फार वजन नसेल, पण ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ ही वाट त्याने बंद होते. राजीनामा मागे गेला, पण एकोणीस दिवस लागले आणि युनियनच्या प्रतिनिधीला दोनदा सोबत न्यावं लागलं. युनियन असेल तर पहिल्याच दिवशी गाठा.

आठ दिवस मोजत राहा

अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, असं असतं की मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत माणूस परतला नाही आणि कारणही कळवलं नाही, तर त्याचा जागेवरचा हक्क जातो. दहा दिवसांहून जास्त सलग बिनरजेची गैरहजेरी हे गैरवर्तन मानलं जातं. तुमच्या कंपनीचे आकडे वेगळे असू शकतात, गेटजवळच्या बोर्डावर स्थायी आदेश लावलेले असतात, मोबाईलवर फोटो काढून आणा. पण सबुरीने घेऊ म्हणत बसू नका. सातव्या दिवसाच्या आत रजेचा अर्ज, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट, आणि त्याची पोच.

पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा (पत्र मिळाल्याचा) शिक्का आणि तारीख. गेटवरचा वॉचमन ‘ठेवा, देतो साहेबांना’ म्हणाला की हसून तिथेच उभं राहायचं. शिक्का मिळालाच नाही तर तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. फोनवर झालेलं बोलणंही रात्री दोन ओळींच्या ईमेलमध्ये टाका : ‘आज आपलं बोलणं झालं, त्यात आपण असं सांगितलंत.’ हे मला फार कडवट वाटायचं. वकील मैत्रीण म्हणाली, कडवट नाही, ही साखर आहे, मुंग्या आल्या की उपयोगी पडते. मला अजून ती उपमा नीट कळलेली नाही, पण ईमेल पाठवत राहिले.

एचआरला किती सांगायचं

इथे माझी चूक झाली. घाबरून मी पहिल्याच फोनवर सगळं सांगितलं : झोपत नाही, देव दिसतात म्हणतो, आजोबांनाही असंच होतं. चौथ्या दिवशी कँटीनमध्ये त्याचं नवं टोपणनाव पडलं होतं. बोललेलं परत घेता येत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे आणि तो मुख्यतः दवाखाना-डॉक्टरांना बांधतो. घरच्यांच्या जिभेला कायदा नाही. तेव्हा एवढंच सांगा : आजार आहे, उपचार सुरू आहेत, अंदाजे इतके दिवस लागतील, कामावर आल्यावर या या गोष्टींची गरज पडेल. निदान कधी सांगायचं? सवलत मागायची असेल किंवा शिस्तभंगाची नोटीस आली असेल तेव्हा, आणि तेही रुग्णाला विचारून, लेखी, एकाच अधिकाऱ्याच्या नावाने.

नोटीस आली तर गप्प बसू नका. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या रवींदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात निकाल दिला, तो माहीत असू द्या. नैराश्य आणि ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर असलेल्या या अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई चालली होती. न्यायालय म्हणालं, वागण्यामागे मानसिक आजार हे एकमेव कारण असायलाच हवं असं नाही, ते अनेकांपैकी एक असलं तरी अशी कारवाई भेदभाव ठरू शकते. उत्तरात याचा उल्लेख करता येतो. फक्त उत्तर वकिलाला किंवा युनियनला दाखवून द्या.

ईएसआय : पगारातून कटतं ते नक्की कशासाठी

पगार २१ हजारांपर्यंत असेल तर स्लिपवर ०.७५ टक्के कापलेले दिसतील. कंपनी वरून ३.२५ टक्के भरते. अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यासाठी ही पगाराची मर्यादा २५ हजार आहे. आमच्याकडे सात वर्षं हे पैसे कटत होते आणि घरात एकालाही माहीत नव्हतं की यात औषधांखेरीज पगाराचा काही भागही मिळतो.

योजना सहा-सहा महिन्यांच्या खणांत चालते. एप्रिल ते सप्टेंबर वर्गणी भरली तर तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरला कामी येते. भाऊ फेब्रुवारीत आजारी पडला, म्हणून तपासलं गेलं ते मागचं एप्रिल-सप्टेंबर. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी असावी लागते.

ती असेल तर आजारपणाचा भत्ता : सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. महिना १८ हजार धरला तर रोजचे ६०० आणि भत्ता ४२०. पूर्ण ९१ दिवसांचे ढोबळमानाने ३८,२२० रुपये. आजारपणाचे पहिले दोन दिवस यात धरत नाहीत. मात्र आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलं तर हे दोन दिवस कापत नाहीत.

आता खरी गोष्ट, जी मला काउंटरवर कुणी आपणहून सांगितली नाही. ९१ दिवसांनंतर सगळं संपत नाही. ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे आणि त्या आजारांना वाढीव भत्ता मिळतो, ८० टक्के दराने, वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानुसार दोन वर्षांपर्यंत. यादीत क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू, मूत्रपिंड निकामी होणं, हृदयाचे मोठे आजार आहेत आणि स्किझोफ्रेनिया, एमडीपी यांसारखे मनोविकारही आहेत. अट अशी की दोन वर्षं विमा असलेली नोकरी झालेली असावी आणि मागच्या चार वर्गणी-काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असावी. माझ्या भावाचं काम या एका ओळीने झालं. केसपेपरवर आधी नुसतं ‘वर्तनात बदल’ लिहिलं होतं, ते यादीत कुठेच बसत नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञांना विनंती केली, त्यांनी निदान स्पष्ट लिहिलं आणि फाईल हलली.

करायचं काय, ते क्रमाने. ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) घेऊन नेमून दिलेल्या ईएसआय दवाखान्यात जा. खाजगी डॉक्टर कितीही मोठे असले तरी भत्त्यासाठी सर्टिफिकेट या यंत्रणेतूनच लागतं. त्यामुळे खाजगी उपचार चालू असले तरी पहिल्या आठवड्यातच दवाखान्यात नाव लावा. तिथून सातपूर, मोहननगर, मुलुंड अशा ईएसआय रुग्णालयात तज्ज्ञांकडे पाठवतात. पहिलं सर्टिफिकेट मिळतं, मग मधली मधली, शेवटी कामावर जाण्यास योग्य असल्याचं अंतिम. दोन सर्टिफिकेटांच्या तारखांत एका दिवसाचीही फट पडू देऊ नका. आमची एकदा रंगपंचमीच्या सुट्टीने पडली आणि ती बुजवायला तीन फेऱ्या झाल्या. दाव्याचा अर्ज शाखा कार्यालयात द्यायचा, पैसे थेट बँकेत येतात. बँकेतलं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, हे आज रात्रीच बघा.

ईएसआय नसेल, म्हणजे पगार मर्यादेच्या वर असेल, तर आजारी रजा, साठलेली हक्काची रजा आणि कंपनीचा मेडिक्लेम एवढ्यावर भिस्त. मेडिक्लेमवाला ‘मानसिक आजार बसत नाही’ म्हणाला तर त्याच २०१७ च्या कायद्याकडे बोट दाखवा. शारीरिक आजारांना जसा विमा, तसाच मानसिक आजारांना द्यावा, असं त्यात लिहिलेलं आहे. पीएफमधूनही आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते, पण ती शेवटी काढा. काढलेले पैसे एकदा खर्चले की संपतात, भत्ता मात्र येत राहतो.

घरातले पैसे आणि मोबाईल

तेजीच्या दिवसांत भावाने दोन मोबाईल, एक ड्रिल मशीन आणि शेजारच्या मुलाला सायकल घेऊन दिली होती, सगळं हप्त्यांवर. मंदीत उतरला तेव्हा हप्त्यांच्या मेसेजांनीच त्याला आणखी खाली ढकललं. अशा वेळी घरचे कार्ड काढून घेतात, पासवर्ड बदलतात. आम्हीही केलं आणि त्याचा विश्वास गमावला. नंतर तो स्वतः बरा असताना बसून ठरवलं : यूपीआयची रोजची मर्यादा दोन हजार, कर्ज देणारी अ‍ॅप काढून टाकायची, घराचा हप्ता बायकोच्या खात्यातून. बँकेला हप्ते पुढे ढकलण्याबद्दल लेखी विचारा, हप्ता चुकण्याच्या आधी.

मानसिक आरोग्य कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो. साध्या कागदावर, रुग्णाच्या सहीने, वकील-स्टॅम्प पेपर काही लागत नाही. पण हा प्रतिनिधी उपचारांच्या बाबतीतला. त्या कागदावर बँक उघडत नाही आणि एचआरही ऐकत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि मंदीच्या दिवसांत तो ‘माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल’ असं काही बोलला तर भत्ता, फाईल, सगळं बाजूला. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका, गोळ्यांचा डबा आणि शेतीची औषधं कुलपात घाला, डॉक्टरांना फोन लावा. टेलिमानस १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

परत कामावर

पहिल्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. पहाटे चारला उठून पाहते तर हा गॅलरीत बसून सेफ्टी शूज पॉलिश करतोय. कातडं आधीच चकाकत होतं. मग डबा मांडीवर घेऊन तासभर तसाच बसला. मी काही बोलले नाही, चहा ठेवला. कंपनीची बस कोपऱ्यावर आली तेव्हा म्हणाला, ‘कुणी विचारलं कुठे होतास, तर काय सांगू?’ हा प्रश्न आदल्या रात्रीच सोडवून ठेवायला हवा होता. नंतर आम्ही एक वाक्य पाठ केलं : ‘तब्येत बिघडली होती, आता बरी आहे, तुझं काय चाललंय?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, लोकांना स्वतःबद्दल बोलायला आवडतं.

कामावर जाण्याआधी डॉक्टरांकडून फक्त ‘फिट’ लिहून आणू नका. काय जमेल आणि काय नाही, तेही लिहून घ्या. आमच्या चिठ्ठीत होतं : सहा महिने थर्ड शिफ्ट नको. झोप मोडली की तेजी उसळते, बायपोलरमध्ये रात्रपाळी ही काडेपेटी आहे. दुसरं, गोळ्यांची सुस्ती असेपर्यंत पॉवर प्रेसवर उभं करू नये. तिसरं, महिन्यातून एक मंगळवार ओपीडीसाठी. कंपनीने त्याला सहा महिने टूल रूममध्ये ठेवलं. ओव्हरटाइम बुडला, बोटं दहाच्या दहा राहिली.

लिथियम चालू असेल तर आणखी एक. ते रक्तात किती आहे हे ठरावीक काळाने तपासावं लागतं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. म्हणजे सकाळी रक्त देऊन मग गोळी. भट्टीजवळ किंवा पत्र्याच्या शेडमध्ये घाम गाळणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमची पातळी चढते आणि हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं सुरू होतं. पाठदुखीवरच्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही ती चढते. शॉप फ्लोअरवर ‘घे एक पेनकिलर’ म्हणणारे मित्र खूप, तेव्हा हे त्याच्या जवळच्या एका सहकाऱ्याला तरी माहीत हवं.

एसटी, पालिका, जिल्हा परिषद असेल तर

इथे कायदा बराच भक्कम आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २०(४) प्रमाणे सरकारी आस्थापनेला नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही ढकलता येत नाही. मधुमेहाने नजर गेलेल्या चालकाला स्टिअरिंगवरून उतरवतील, पण त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. योग्य पद नसेल तर जास्तीचं पद निर्माण करून, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्यावर ठेवायचं. ‘अनफिट’ शेरा आला आणि सोबत स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म पुढे केला, तर त्यावर सही करण्याआधी हे कलम वाचा.

खाजगी कंपनीला ही सक्ती नाही. उलट जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणामुळे काढलं तर ते कामगारकपातीत मोजलं जात नव्हतं, म्हणून कपातीची भरपाईही आपोआप मिळत नव्हती. पण प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण करायचं आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठी संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. एचआरला त्या धोरणाची प्रत ईमेलने मागा. बहुतेक ठिकाणी मागितल्यावरच ते कपाटातून निघतं. दाद मागायची जागा म्हणजे पुण्यातलं दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढावं का? मानसिक आजार कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, ४० टक्क्यांपासून बरेच लाभ सुरू होतात. भाऊ अजून नको म्हणतो. कार्ड त्याचं, तेव्हा निर्णयही त्याचा. मी फॉर्म भरून ठेवलाय आणि गप्प आहे.

फाईल

एक जाड फाईल करा. नेमणूक पत्र, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, ई-पहचान कार्ड, यूएएन (पीएफचा नंबर), सगळे केसपेपर तारखेनुसार, पोच असलेली पत्रं. मूळ कागद घरी, झेरॉक्स घेऊन हिंडा. सोबत एक वही : रोज किती तास झोप, गोळ्या घेतल्या की नाही, एक शब्द मनःस्थितीचा. वैद्यकीय मंडळापुढे माझ्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा या वहीची चार पानं डॉक्टरांनी जास्त लक्ष देऊन वाचली. सोबत्यांचा आधार लागला तर ठाण्यात आयपीएच आणि पुण्यात ‘सा’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांत कुटुंबीयांचे स्वमदत गट आहेत. मला तिथे पहिल्यांदा कळलं की राजीनाम्याचे मेसेज इतर घरांतूनही जातात.

बरा असताना लिहिलेला कागद

ही शेवटची पायरी त्यानेच काढली. सहा महिने सुरळीत गेल्यावर एका रविवारी वहीचं पान फाडून स्वतःच्या अक्षरात लिहिलं, फ्रिजवर चुंबकाने लावलं, एक प्रत त्याच्या मर्जीने सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये आहे. कायद्याने याला काही किंमत नाही. त्यावर लिहिलंय :

‘सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोपलो तर डॉक्टरांना फोन. मी नाही म्हणालो तरी.

राजीनामा द्यायचा झाला तर कागदावर, दिवसा, पंधरा दिवस थांबून.

रात्री दहानंतर मोबाईल ताईकडे.’